समोर कोण हाय?

९ फेब्रुवारी २०२५

अकादमीच्या कचेरीतून सकाळी पोच आली. भावना नाखवाचा प्रस्ताव यंदाही ग्राह्य धरला आहे. न धरून सांगतात कोणाला? विज्ञान अकादमीचा फेलो व्हायला कोणी अर्ज करत नाही. माझ्यासारख्या एखाद्या जुन्या फेलोने नाव सुचवायचं, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, आणि तो प्रस्ताव तीन वर्षं जिवंत राहतो, असं त्यांच्याच नियमात लिहिलंय. पण हे तिसरं वर्ष. यंदा हुकलं की प्रस्ताव संपला. मग दोन वर्षं गप्प बसायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मला थांबायला हरकत नाही. शहात्तरी आली तरी रोज पनवेलच्या वडाळे तलावाला फेऱ्या मारतो. पण भावनाच्या केंद्राला थांबता येणार नाही. उरणच्या बाजूला खाडीच्या काठावर तिचं छोटंसं संशोधन केंद्र आहे. तिथे बसून तिने वीस वर्षं कालवांच्या शिंपल्यांवर काम केलं. पाण्यात मिसळलेलं शिसं आणि जस्त शिंपल्याच्या थरांत कसं साठत जातं, हे तिच्याइतकं नीट कोणी दाखवलेलं मी तरी वाचलेलं नाही. तिच्या संस्थेला मात्र ते केंद्र नकोसं झालंय. डिसेंबरात आढावा आहे आणि संचालक टाळं हातात घेऊनच बसलाय. फेलोच्या केंद्राला टाळं लावायची मात्र कोणाची छाती होत नाही. भावना फेलो झाली तर केंद्र राहील, नाही तर जाईल.

पहिल्या वर्षी विभागीय समितीने तिच्या नावाकडे ढुंकून पाहिलं नाही. गेल्या वर्षी नाव शेवटपर्यंत टिकलं आणि ऐन वेळी गळलं. समितीने निवडलेलीच नावं आम्हा सगळ्या फेलोंकडे मतदानाला येतात, त्यामुळे समिती हीच खरी खिंड. आणि तिचा अध्यक्ष कोण, तर सत्यजीत पोतनीस! घोडं कुठे पेंड खातंय ते सांगायला ज्योतिषी कशाला हवा? इथल्या खाडीच्या चिखलातली निवटी ही मासळी मी नवी प्रजात म्हणून जगापुढे मांडली, तेव्हा ‘ही तर जुनीच’ असं भर परिषदेत म्हणणारा हाच तो. (जुनी नव्हती. शेपटीचे पट्टे वेगळे होते.) माझा राग तो माझ्या विद्यार्थिनीवर काढतोय.

‘यंदा मी काही म्हणजे काही बाकी ठेवणार नाही,’ असं बायकोला, निशाला, सांगितलं. ती मटार सोलत होती. म्हणाली, ‘गेल्या वर्षी काय बाकी ठेवलं होतंत?’

१७ फेब्रुवारी

फोनाफोनी सुरू केली. उमेदवाराने कोणाकडे शब्द टाकायचा नाही, असा कडक नियम आहे. प्रस्तावकाने काय करू नये, याबद्दल नियम गप्प आहे, आणि जिथे नियम गप्प तिथे माणसाने बोलावं.

बंगळूरचे गृहस्थ विमानात बसत होते. गेल्या आठवड्यातही ते विमानातच बसत होते. हा माणूस जमिनीवर कधी असतो कोण जाणे. कोलकात्याच्या बाई म्हणाल्या, ‘प्रोफेसर दिघे, तुम्ही गेल्या वर्षीही हेच सांगितलं होतं. मला सगळं आठवतंय.’ म्हणजे माझं म्हणणं त्यांच्या मनावर ठसलंय तर. दिल्लीच्या एकाने फोन उचललाच नाही. दुपारी पुन्हा केला, संध्याकाळी निशाच्या फोनवरून केला. तेव्हा उचलला आणि माझा आवाज ऐकून म्हणाला, ‘अरे वा.’

शेवटी बडोद्याला हेतल देसाईला लावला. प्रस्तावावर माझ्या सहीखाली अनुमोदक म्हणून तिची सही आहे. हुशार आहे, मराठीही चांगलं बोलते, पण आज काहीतरी घोळवत होती.

‘सर, एक सुचवू? जूनमध्ये समिती बसायच्या आधी प्रस्तावक बदलता येतो. जुन्या प्रस्तावकाने आपणहून नाव काढून घेतलं की झालं. वर नवं नाव असलं तर लोक ताज्या नजरेने बघतील.’

‘नवं म्हणजे तुझं?’

‘माझंच असं नाही सर. कोणाचंही.’

कळलं. झाड आम्ही लावायचं आणि फळं यांनी तोडायची. भावनाला पीएच.डी.ला घ्यायला कोणी तयार नव्हतं, कोळीवाड्यातली मुलगी, इंग्रजी अडखळत बोलते म्हणून, तेव्हा तिला मी घेतलं. हेतल तेव्हा शाळेत असेल. मी स्पष्ट नाही म्हटलं आणि फोन ठेवला.

२ मार्च

भावना आली होती, कामोठ्याहून रिक्षाने. आईने दिलेले सुके बोंबील घेऊन आली. चेहरा उतरला होता. कामाचा ताण असणार. बसली आणि म्हणाली, ‘सर, तुम्हाला एक विचारायचं होतं. रागावणार नसाल तर.’

मी म्हटलं, आधी माझं ऐक. मग तिला कोण आपल्या बाजूचं, कोण काठावरचं, कोणाला पुन्हा फोन करायचा, सगळं समजावून सांगितलं. ती ऐकत होती, मधून मधून पाणी पीत होती. माझं झाल्यावर मी विचारलं, ‘हं, तुझं काय?’

‘काही नाही सर. विसरले.’

ज्या बाईला कुठल्या खडकावरून कुठलं कालव कधी काढलं ते तोंडपाठ आहे ती अशी विसरते! मग ती निशाकडे स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेरच आली नाही. चहासुद्धा मलाच मागावा लागला. जाताना तिचे डोळे लाल दिसले. बोंबलाच्या चटणीसाठी मिरच्या भाजत होत्या दोघी, दुसरं काय.

१४ मार्च

काल भावनाच्या माहेरी होळीला गेलो होतो. कृष्णाबाईंचं, म्हणजे तिच्या आईचं, आग्रहाचं बोलावणं होतं. न्हावा शेव्याच्या रस्त्यावर कंटेनरच्या गाड्यांमागे रिक्षा इतकी रखडली, की पोचलो तेव्हा होळी पेटून गेली होती. पण स्वागत असं झालं की मला माझ्या निरोप समारंभाची आठवण आली. तेव्हा माणसं कमी होती.

‘गुरुजी, तुमी खुर्चीत बसा. आज तुमचा मान पयला,’ म्हणून कृष्णाबाईंनी मला मधोमध बसवलं. कोलंबीचं खाटलं, म्हणजे त्यांच्याकडचं आंबट कालवण, आणि तांदळाची भाकरी. भावना बायकांबरोबर होळीच्या फेरात नाचत होती. एवढी हसताना मी तिला फार वर्षांनी पाहिलं.

तिचा भाऊ मिथुन माझ्या बाजूला येऊन बसला. बंदरात नोकरी, आणि गावकीत त्याच्या शब्दाला वजन आहे. ‘सर, ताई इलेक्शनला उभी हाय म्हंतात. खरं काय?’

मला राहवलं नाही. गावातली पाच-सहा वडीलधारी मंडळीही सरकून जवळ आली. त्यांना अकादमी काय, फेलो म्हणजे काय, भावना निवडून आली तर खाडीवरचं केंद्र कसं राहील, सगळं सांगितलं. कान देऊन ऐकत होती मंडळी. आमच्या विद्यापीठात असे श्रोते मिळाले नाहीत कधी.

मिथुनने नेमकं विचारलं, ‘समोर कोण हाय?’

मी म्हटलं, ‘पोतनीस म्हणून एक जण आहे. तो एकटा आडवा आलाय. बाकी सगळं आपलंच.’

‘रातो कुठं?’

‘खारघरला, ओवे गावाच्या अंगाला. का रे?’

‘नाय, मंग बिनविरोधच करून टाकू की. गेल्या साली सरपंचाचं आमी तसंच केलं. समोरच्याच्या घरी गावकी गेली, नारल दिला, शाल घातली, हात जोडले. त्यानं माघार घेतली. भांडान नाय, तंटा नाय.’

आम्ही सगळे खूप हसलो. पोतनीसाच्या गळ्यात शाल आणि समोर हात जोडून उभी गावकी, हे चित्र डोळ्यांपुढे आणून मी रिक्षातही एकटाच हसत होतो. रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून पाहिलं.

२८ मार्च

काही बातमी नाही. दर दहा मिनिटांनी ईमेल बघतो. गॅलरीतून दारापर्यंत, दारातून गॅलरीपर्यंत. निशा म्हणते, फरशी झिजेल. भावनाला फोन केला तर ‘सर, भरती उतरतेय, खडकावर आहे, नंतर करते’ म्हणाली. नंतर केला नाही.

देव पाण्यात घालून बसणं म्हणजे काय ते आता कळतंय. मी देव मानत नाही. पण बल्लाळेश्वराच्या देवळावरून जाताना आज थांबलो. चप्पल काढली नाही, नुसता थांबलो.

११ एप्रिल

पोतनीस गेला!

कचेरीचं पत्र आलंय सगळ्या प्रस्तावकांना. सत्यजीत पोतनीस यांनी ‘वैयक्तिक कारणास्तव’ यंदा समितीचं अध्यक्षपद सोडलंय, जागी दुसरे कोणी मद्रासचे. मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. खाली जाऊन पेढे आणले. मोठा धोंडा दूर झाला. आता भावनाचा रस्ता मोकळा.

निशाने पेढा हातात घेतला आणि तसाच धरून बसली. ‘वैयक्तिक म्हणजे काय कारण?’

‘असेल काही. पित्त खवळलं असेल.’

भावनाला कळवलं. तिने मला पत्र पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, ‘सर, तुम्हाला खरंच आनंद झालाय?’ काय प्रश्न आहे! हिच्यासाठी मी जिवाचं रान करतोय आणि ही अशी मढ्यासारखी.

१३ एप्रिल

पेढे घशात अडकले.

सकाळी मिथुन आला. हातात पापलेटं, चेहऱ्यावर विजय. ‘सर, कलला ना निकाल? घेतली की नाय त्यानं माघार?’

मला आधी काही उमगेना. मग त्याने सोफ्यावर बसून सगळं रंगवून सांगितलं. पाडव्यानंतरच्या रविवारी तो आणि गावकीची चार माणसं गाडी करून खारघरला गेली होती. नारळ, शाल, टोपलीभर पापलेटं. पोतनीसाने दार उघडलं. यांनी आत जाऊन त्याला खुर्चीवर बसवलं, शाल घातली, नारळ हातात दिला आणि हात जोडले. ‘सायेब, आमची पोर उभी हाय. तिचं सेंटर हाय खाडीवर. तुमी मोठे मानूस, तुमी माघार घ्या. गाव तुमचं उपकार इसरनार नाय.’

‘मग? तो काय म्हणाला?’

‘म्हनला, अवो मी उभाच नाय. आमी म्हनलं, मोठ्या मनाचा मानूस असंच म्हंतो. मंग हसला. आमाला च्या दिला. जाताना म्हनला, बरं, घेतली माघार.’ मिथुनने मांडीवर थाप मारली. ‘चांगला मानूस हाय, सर. तुमी उगाच भ्यालाव त्याला.’

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. उमेदवाराच्या घरच्यांनी समितीच्या अध्यक्षाच्या घरी भेट घेऊन जायचं! नियमाने भावनाचं नाव त्याच दिवशी कापलं जायला हवं होतं. मी मिथुनला म्हटलं, ‘अरे, कोणी सांगितलं होतं तुला हे करायला?’

तो माझ्याकडे बघतच राहिला. ‘तुमीच तर पत्ता दिला, सर.’

आलं अंगावर. पण मी हसण्यावारी बोललो होतो, हे त्या माणसाला कळू नये? निशाने त्याला पोहे दिले आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

संध्याकाळी हेतलचा फोन. तिला सगळं आधीच माहीत होतं. पोतनीसाने त्याच संध्याकाळी कचेरीला लेखी कळवलं होतं: घरच्यांचा गैरसमज झाला, गावच्या रीतीप्रमाणे भाबडेपणाने आले, उमेदवाराला याची काही कल्पना नव्हती, तिच्यावर ठपका येऊ नये, मात्र आता मी या समितीत बसणं योग्य नाही. अकादमीने ते मान्य केलं. भावना वाचली.

‘साळसूदपणा,’ मी म्हटलं.

‘सर,’ हेतल म्हणाली. तिचा आवाज असा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. ‘गेल्या वर्षी समितीत भावनासाठी कोण भांडलं, माहीत आहे तुम्हाला? एकटे पोतनीस सर. शेवटच्या फेरीपर्यंत त्यांनीच तिचं नाव नेलं. मी तिथे नव्हते, पण अशा गोष्टी झिरपतात.’

‘मग नाव गळलं कसं?’

‘बाकीचे म्हणाले, ज्या उमेदवारासाठी प्रस्तावकाला इतके फोन करावे लागतात, तिच्या कामात काहीतरी कमी असणार.’

मी तिला सांगितलं की हे सगळं बनावट आहे. मग फोन ठेवला. आज फिरायलाही गेलो नाही.

१४ एप्रिल

बनावटच आहे.

२१ एप्रिल

आठवडाभर कोणाशी धड बोललो नाही. बंगळूरच्या गृहस्थांना फोन करून सरळ विचारावंसं वाटलं, की बाबा रे, माझ्या फोनाने काय बिघडलं? नंबर लावला आणि कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. त्यांनीच उलट फोन केला तेव्हा मी म्हटलं, चुकून लागला. ‘विमानात बसतोय’ म्हणायची पाळी माझ्यावर आली होती.

जेवताना निशाला म्हटलं, ‘तुला काय वाटतं?’ ती जणू या प्रश्नाची वाट बघत असावी. ताट बाजूला सारलं.

‘भावना मार्चमध्ये काय विचारायला आली होती, माहीत आहे?’

‘विसरली होती ती.’

‘विसरली नव्हती. तुम्ही प्रस्तावावरचं तुमचं नाव काढून घ्याल का, एवढंच विचारायचं होतं तिला. धीर झाला नाही. ओट्यापाशी उभी राहून रडली आणि मलाच म्हणाली, काकू, सांगू नका सरांना, त्यांचं मन मोडेल.’

‘तू मला इतके दिवस सांगितलं नाहीस?’

‘तिने शब्द घेतला होता. आज मोडला. तिचं केंद्र जाण्यापेक्षा माझा शब्द गेलेला बरा.’

मी उठलो. हात न धुता गॅलरीत जाऊन उभा राहिलो. खूप राग आला. कोणाचा ते अजून ठरत नाही. वीस वर्षांचं काम पाण्यात गेलं तरी चालेल, पण म्हाताऱ्याचं मन मोडू नये? मी काय लहान मूल आहे? एवढी शिकवली तिला, आणि माझ्यासमोर एक वाक्य बोलायची तिची हिंमत होत नाही. असा कसा मी, की माझ्यासमोर माणसं पाणी पीत बसतात?

६ मे

खारघरला गेलो. फोन न करता गेलो, कारण फोन केला असता तर मी वाटेतूनच परतलो असतो. ओव्याच्या बाजूला त्याची सोसायटी. लिफ्टमध्ये मनाशी तीन भाषणं तयार केली, तिन्ही निवटीवर होती.

सत्यजीत पोतनीसाने दार उघडलं. केस सगळे पांढरे झालेत. ‘या, दिघेसाहेब,’ म्हणाला, जसं काही मी दर मंगळवारी येतो. ‘नारळ आणलात का?’

मी म्हटलं, ‘थट्टा पुरे. त्या लोकांना क्षमा करा.’

‘क्षमा कसली? माझ्या आयुष्यात इतक्या आदराने मला कोणी काही मागितलं नव्हतं. फक्त पापलेटांची पंचाईत झाली. मी शाकाहारी. सगळ्या मजल्यांवर वाटली.’

जन्मभर माशांवर काम केलं आणि मासा चाखला नाही! तरीच शेपटीचे पट्टे ओळखता येत नाहीत. हे मी बोललो नाही. बोलणारच होतो, पण त्याने चहा आणला.

मी सरळ विचारलं, ‘तुम्ही तिच्यासाठी भांडला होतात का?’

‘समितीतलं बाहेर सांगायचं नसतं.’ थोडा वेळ त्याने कपातली साय बाजूला केली. ‘काम उत्तम आहे तिचं. एवढं मी कुठेही सांगेन.’

‘मग तुम्ही प्रस्तावक व्हाल?’

मीच बोललो हे. माझ्या तोंडून निघालं ते माझं मलाच ऐकू आलं. त्याने कप खाली ठेवला.

‘समितीवर असतो तर नियमाने होता आलं नसतं. आता येतं. हेतलने अकादमीला विचारून ठेवलंय.’ म्हणजे यांचं सगळं ठरलेलं होतं! ‘पण दिघेसाहेब, तुमचं नाव काढून घेतल्याशिवाय माझं लागत नाही. आणि तुम्हाला ते सांगायला भावना कधी येणार नाही. तिने मला स्वच्छ सांगितलंय, सरांनी आपणहून काढलं तरच.’

‘म्हणजे ती तुमच्याकडे आली होती?’

‘मी विचारलं होतं तिला. दोन वर्षांपूर्वी, समितीवर यायच्या आधी.’

दोन वर्षं. त्याने विचारलं आणि ती नाही म्हणाली, माझ्यासाठी. मी चहा संपवून उठलो. निघताना दारात तो म्हणाला, ‘पट्टे वेगळे होते, हे मात्र खरं.’ मी म्हटलं, ‘होतेच.’ ‘पण प्रजात तीच,’ असं म्हणून त्याने लिफ्टचं बटण दाबलं. दुष्ट मनुष्य.

१८ जून

महिनाभर मी काहीच केलं नाही, हे इथे लिहून ठेवलं पाहिजे. नाव काढून घेण्याचं पत्र लिहायला दोन ओळी लागतात. रोज बसायचो आणि उठायचो. भावनाच्या भल्यासाठी ते करायचं हे पटलं होतं, पण तिच्या नावाच्या वर माझं नाव नसेल, हे काही केल्या गिळवेना. निशा एकदाही बोलली नाही. समिती या महिन्याअखेरीस बसणार. म्हणून आज पत्र खिशात घालून थेट केंद्रावर गेलो.

ओहोटी होती. भावना बाहेर कट्ट्यावर शिंपले घासत बसली होती. हात चिखलाने भरलेले. मला बघून घाबरलीच. ‘सर, तुम्ही? आणि काकू?’

मी पत्र तिच्यापुढे धरलं. हात चिखलाचे म्हणून तिने ते घेतलं नाही, मान वाकवून तसंच वाचलं.

मी वाट बघत होतो. ‘सर, असं काय करता?’ एवढं तरी म्हणेल. ‘नको सर, तुमचंच नाव राहू दे,’ म्हणेल. मग मी समजूत घालीन, ती रडेल, मी पाठीवर हात ठेवीन. येताना रिक्षात सगळं ठरवून ठेवलं होतं.

ती म्हणाली, ‘आजच पाठवाल का, सर?’

एकदाही नको म्हणाली नाही. डोक्यावरची पाटी कोणीतरी उतरवून घ्यावी तसे तिचे खांदे खाली आले. मग हात धुवायला आत गेली ती नळ सुरू ठेवून किती वेळ आतच राहिली. मी कट्ट्यावर बसून पलीकडच्या बंदरातल्या क्रेन बघत होतो. मला फार वाईट वाटलं. आणि तिला इतकं हलकं वाटलेलं बघून बरंही वाटलं. दोन्ही एकदम वाटायला नको होतं.

तिथूनच फोटो काढून पत्र पाठवलं. तिने चहा केला. साखर जास्त झाली होती.

२० सप्टेंबर

समितीच्या यादीत भावनाचं नाव आहे. मतदान सुरू झालंय, आता ते संगणकावर असतं. सगळ्यांत पहिल्यांदा मत देऊन मोकळा झालो असेन. मग दिवसभर करायचं काय?

कोलकात्याच्या बाईंना नुसतं ‘नमस्कार, प्रकृती कशी आहे’ एवढंच विचारावं असं दुपारी वाटलं. निशा मोबाइल घेऊन भाजीला गेली. मी लँडलाइन शोधली. ती आम्ही केव्हाच काढून टाकलीय.

१४ नोव्हेंबर

आली निवडून.

यादी सकाळी लागली. तिच्या नावापुढे प्रस्तावक म्हणून काही छापत नाहीत, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक असूनही मी खाली-वर करून बघितलं. नुसतं नाव असतं आणि विषय. भावना नाखवा, सागरी जीवशास्त्र. केंद्र राहणार. संचालकाने म्हणे पुष्पगुच्छ पाठवलासुद्धा.

तिचा फोन आला. मागे मिथुनचा आरडाओरडा, फटाके, कृष्णाबाई कोणाला तरी ‘गप बसा रे, सरांचा फोन हाय’ म्हणत होत्या. भावना म्हणाली, ‘सर, तुमच्यामुळे झालं हे सगळं.’

मी म्हटलं, ‘भावना, खोटं बोलू नकोस.’

मला वाटलं, आता हसण्यावारी नेईल. पण ती फोन घेऊन बाहेर कुठेतरी गेली असावी, कारण फटाके लांब गेले. मग शांतपणे म्हणाली, ‘बरं सर. तुम्ही शिकवलंत म्हणून काम झालं. आणि तुम्ही थांबलात म्हणून निवड झाली. आधी थांबला असतात तर आधी झाली असती.’

असं म्हणाली. मला! मी फोन निशाकडे दिला आणि आत जाऊन बसलो. जेवेपर्यंत रागावलेला होतो. जेवणानंतरही होतो. निशा कपाळाला हात लावून हसत होती, तिलाही बोललो.

मग तलावाला फेरी मारायला गेलो. अर्ध्या फेरीत लक्षात आलं, की इतक्या वर्षांत ती माझ्याशी पहिल्यांदाच असं बोलली. आम्ही फेलो लोक एकमेकांशी असंच बोलतो. तिथूनच तिला फोन लावला. म्हटलं, अभिनंदन, डॉक्टर नाखवा.